कोल्हापुरात घरच्या घरी बिटकॉइन कॅशचा नोड: उभारणी, राखण आणि १५ मेची तयारी

"नोड टाकला तर महिन्याला किती सुटतंय?" आपल्याकडे या विषयावर बोलणं निघालं की पहिला प्रश्न हाच येतो. उत्तर सरळ आहे: काहीच सुटत नाही. बिटकॉइन कॅश या डिजिटल नाण्याचा पूर्ण नोड, म्हणजे सगळ्या व्यवहारांची वही स्वतः तपासणारा संगणक, चालवल्याबद्दल नेटवर्क कुणालाही एक पैसा देत नाही. ब्लॉक म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, आणि त्याचं बक्षीस तो बनवणाऱ्या मायनरला मिळतं. नोड येणारा प्रत्येक व्यवहार आणि ब्लॉक तपासतो, नियमात बसला तर पुढे पाठवतो, नाही बसला तर टाकून देतो. त्यामुळे कुणी हॉटेलच्या हॉलमध्ये माणसं जमवून "नोड विकत घ्या, दरमहा ठरलेला परतावा घ्या" असं सांगत असेल, तर ती पैसे गोळा करायची योजना आहे. तिथून उठून या आणि सोबत कुणाला नेलं असेल तर त्यालाही उठवा.

मग नोड टाकायचा कशाला? गुजरीत जुना सराफ दागिना हातात आला की आधी कस लावून बघतो, आणणाऱ्याच्या शब्दावर भाव करत नाही. नोड म्हणजे तुमच्या घरातला तो कसाचा दगड. आपल्या खात्यावर आलेलं नाणं खरं आहे का, ते खरंच नियमाप्रमाणे खर्च झालंय का, हे दुसऱ्याच्या सर्व्हरला न विचारता तुम्हाला कळतं. ज्याची कमाई किंवा बचत या नाण्यात आहे, त्याला एवढं कारण पुरे. ज्याची नाही, त्यालाही नेटवर्किंग आणि लिनक्स शिकायला यासारखा गुरू नाही.

हा लेख पहिल्यांदाच नोड उभा करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून बिटकॉइन कॅश घेतलंय आणि सॉफ्टवेअर बिटकॉइन कॅश नोड हे. इतर फोर्क नाण्यांना (दुसऱ्या नाण्यापासून निघालेल्या) तपशील बदलतील, पण काळजीच्या जागा त्याच राहतील.

फोर्क म्हणजे नेमकं काय झालं

फोर्क दोन प्रकारचे. एकात फक्त कोड उचलला जातो आणि नवी चेन, म्हणजे ब्लॉकांची साखळी, शून्यापासून सुरू होते: २०११ चं लाइटकॉइन, २०१३ चं डोजकॉइन. दुसऱ्यात चालू चेनच दुभंगते आणि तोपर्यंतचा सगळा इतिहास दोघांकडे सारखा राहतो. बिटकॉइन कॅश या दुसऱ्या प्रकारातलं. १ ऑगस्ट २०१७ रोजी ४७८५५८ क्रमांकाचा ब्लॉक हा दोघांचा शेवटचा सामाईक ब्लॉक ठरला आणि ४७८५५९ पासून वाटा वेगळ्या झाल्या. पुढे १५ नोव्हेंबर २०१८ ला बिटकॉइन एसव्ही फुटून निघालं आणि १५ नोव्हेंबर २०२० ला बिटकॉइन एबीसीची बाजू वेगळी झाली, जिला आज ईकॅश म्हणतात. म्हणजे एकाच मुळाच्या निदान चार फांद्या आज जिवंत आहेत.

नोड चालवणाऱ्याला याचे तीन परिणाम भोगावे लागतात.

पहिला, गल्लत. बिटकॉइन आणि बिटकॉइन कॅश दोघांचे नोड आपापल्या जाळ्यात ८३३३ पोर्टवर (जोडणीच्या दारावर) बोलतात आणि आज्ञा ८३३२ वर घेतात. प्रोग्रामचं नावही दोन्हीकडे बिटकॉइन-डी हेच. लिनक्सवर माहिती साठवायचं ठरलेलं फोल्डरही तेच. ज्यांच्या मशीनवर आधी बिटकॉइन कोअर होतं आणि त्यावरच दुसरं चढवलं, त्यांचा गोंधळ इथून सुरू होतो.

दुसरा, वारशाने आलेले दोष. सप्टेंबर २०१८ मध्ये बिटकॉइन कोअरमधली एक गंभीर चूक उघड झाली. एकच नाणं एका व्यवहारात दोनदा खर्चून हवेतून नवी नाणी काढता येतील, अशी ती चूक होती. ती सापडली बिटकॉइन कॅशवर काम करणाऱ्या एका डेव्हलपरला. मोठ्या नाण्यांनी दुरुस्ती तातडीने केली, पण त्याच कोडवरून निघालेल्या पिजनकॉइनवर तिचा प्रत्यक्ष गैरवापर झाला. मूळ प्रकल्पातली दुरुस्ती फोर्ककडे आपोआप येत नाही, कुणीतरी ती आणावी लागते, आणि तुम्ही ती बसवावी लागते.

तिसरा परिणाम सगळ्यात जड: मायनिंगची ताकद. बिटकॉइन आणि बिटकॉइन कॅश दोघांचं मायनिंग एकाच प्रकारच्या यंत्रांवर होतं, आणि त्या यंत्रांतला अगदी छोटा वाटा बिटकॉइन कॅशकडे असतो. मोठ्या चेनवरची थोडी ताकद वळली तरी छोट्या चेनवर ती बहुमतात येऊन झालेले व्यवहार उलटवू शकते. बिटकॉइन गोल्डवर मे २०१८ मध्ये असा हल्ला झाला. इथेरियम क्लासिकवर तर एकट्या ऑगस्ट २०२० मध्ये तीनदा झाला. म्हणून फोर्क नाण्याचा नोड "चालू आहे" एवढ्यावर समाधान मानता येत नाही. तो कोणत्या चेनवर चालू आहे, हे माहीत असावं लागतं. पुढची सगळी मेहनत त्यासाठीच आहे.

मशीन, जागा आणि वीज

महागडं काही लागत नाही. चार कोअरचा जुना ऑफिस डेस्कटॉप किंवा मिनी पीसी, ८ जीबी रॅम आणि १ टीबी एसएसडी एवढं बास. चेनचा पसारा २०० जीबीच्या पुढे गेलाय, त्यामुळे ५०० जीबीतही आज भागेल, पण वर्षा-दोन वर्षांत परत डिस्क बदलत बसाल. साधी फिरती हार्ड डिस्क घेऊ नका. नोडला सारखं इकडचं-तिकडचं वाचावं-लिहावं लागतं आणि तिथे ती दमते. सेकंडहँड एसएसडी घेणार असाल तर राजारामपुरीतल्या दुकानात उभं राहूनच तिची स्मार्ट माहिती (डिस्कने स्वतः ठेवलेली तब्येतीची नोंद) बघा: किती तास चालली आणि किती टीबी लिहून झालं. दुकानदार बघू देत नसेल तर पुढच्या दुकानात चला.

१५ वॉटचा मिनी पीसी दिवसरात्र चालला तर महिन्याला साधारण ११ युनिट जळतात. बिलाची चिंता त्यामुळे नाही. चिंता आहे ती वीज कशी जाते याची. एप्रिल-मेमध्ये दुपारी आभाळ भरून आलं, वारं सुटलं की वळीव यायच्या आधीच दिवे जातात, मग दोनदा येऊन पुन्हा जातात. नोडचं नुकसान या ये-जा करण्यात आहे. डेटाबेस अर्धवट लिहिलेला राहिला तर तो बिघडतो आणि सगळी चेन पहिल्यापासून परत तपासावी लागते. घरचा इन्व्हर्टर बऱ्याचदा बदल करायला क्षणभर जास्त घेतो आणि तेवढ्यात पीसी बंद पडतो. म्हणून नोड आणि राउटर दोघांना मिळून एक छोटा यूपीएस घ्या, आणि तो यूएसबीने पीसीला जोडता येणारा बघून घ्या. बॅटरी कमी झाली की नोड स्वतः नीट बंद व्हावा, ही सोय लिनक्सवर एनयूटी या मोफत प्रोग्रामने होते. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. वळवाच्या विजेत राउटर जळतात ते बऱ्याचदा इंटरनेटच्या तारेतून. फायबर असेल तर हा धोका कमी.

जागेबद्दल कोल्हापुरात एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी बघितला त्यांना समजवायला नको. व्हीनस कॉर्नर, दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली या भागात तळमजल्यावर मशीन ठेवू नका. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात पाणी ३९ कडे निघालं की महावितरणने वीज तोडायची वाट न बघता नोड स्वतः बंद करा, तारा काढा, मशीन माळ्यावर ठेवा. नोड महिनाभर बंद राहिला तरी काही बिघडत नाही. परत सुरू केला की राहिलेले ब्लॉक तो स्वतः मागवून घेतो.

सॉफ्टवेअर उतरवणं आणि तपासणं

यंत्रावर उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती किंवा डेबियन टाका, आणि त्या मशीनवर दुसरं काही चालवू नका. मुलांचे गेम नकोत, टोरेंट नकोत, क्रॅक केलेलं काहीही नको.

आता सगळ्यात दुर्लक्षित पायरी. नोव्हेंबर २०१७ मध्ये बिटकॉइन गोल्डच्या अधिकृत डाउनलोड पानावरची विंडोज वॉलेटची (नाणी सांभाळणाऱ्या प्रोग्रामची) फाइल कुणीतरी बदलली आणि काही दिवस ती तशीच लोकांनी उतरवली. नोव्हेंबर २०१९ मध्ये मोनेरोच्या अधिकृत साइटवरून चोरी करणारी फाइल वाटली गेली. मोनेरोचा प्रकार उघडकीला आला तो एका साध्या वापरकर्त्यामुळे: त्याने उतरवलेल्या फाइलचा हॅश, म्हणजे फाइलवरून निघणारा ठशासारखा आकडा, साइटवर छापलेल्या हॅशशी जुळवून बघितला, आणि तो जुळला नाही. दोन्ही नाणी फोर्कच. अधिकृत साइटवरून घेतलं म्हणजे झालं, असं नसतं.

म्हणून क्रम असा. प्रकल्पाच्या स्वतःच्या साइटवरून फाइल घ्या, गुगलवर वरती दिसणाऱ्या जाहिरातीतून नाही. सोबतची हॅशची यादी आणि तिच्यावरची डेव्हलपरांची सही उतरवा. जीपीजी या सही तपासणाऱ्या प्रोग्रामने ती तपासा. त्यासाठी डेव्हलपरांच्या सार्वजनिक चाव्या लागतात. त्या प्रकल्पाच्या गिटलॅबवरच्या कोडमध्ये असतात. त्यांचे ठसे दुसऱ्या एखाद्या ठिकाणच्या ठशांशी ताडून बघा. मगच तुमच्या फाइलचा शा-२५६ हॅश काढून यादीतल्या आकड्याशी जुळवा. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून पुढे जाऊ नका, पूर्ण ओळ जुळवा. पहिल्यांदा अर्धा तास जाईल, नंतर पाच मिनिटांत होतं.

मांडणी

नोडसाठी वेगळा वापरकर्ता बनवा, ज्याला सुडोचे (सगळ्या मशीनवरच्या ताब्याचे) अधिकार नाहीत. माहितीचं फोल्डरही वेगळ्या नावाने बनवा आणि सेटिंगमध्ये डेटा-डिर म्हणून तेच द्या. वर सांगितलेली गल्लत एवढ्याने टळते.

एक सूचना: आज्ञा आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि जोडून लिहायची. फक्त बिटकॉइन-सीएलआय आणि रीइंडेक्स-चेनस्टेट यांतली रेघ तशीच ठेवायची.

सेटिंगच्या फाइलमध्ये पहिल्या दिवशी एवढंच पुरे. डिसेबल-वॉलेट १, म्हणजे या मशीनवर वॉलेटच नसेल. सर्व्हर १, म्हणजे तुम्हाला नोडला प्रश्न विचारता येतील. आरपीसी-बाइंड १२७.०.०.१, म्हणजे ते प्रश्न फक्त याच मशीनवरून. डीबी-कॅशे (मेमरीतला साठा, एमबीत) पहिल्या सिंकपुरता, म्हणजे सगळी चेन उतरवून होईपर्यंत, ३०००, नंतर १००० किंवा त्याहून कमी. टीएक्स-इंडेक्स (सगळ्या व्यवहारांची सूची) १, जर पुढे स्वतःचं वॉलेट या नोडला जोडायचं असेल तर. डिस्क लहान असेल तर प्रून हा पर्याय आहे, किमान ५५० एमबी. मग जुने ब्लॉक तपासून पुसले जातात. तपासणी तेवढीच कडक राहते, पण प्रून आणि टीएक्स-इंडेक्स एकत्र चालत नाहीत, तेव्हा आधीच ठरवा.

नोड लिनक्सच्या सिस्टम-डीत, म्हणजे प्रोग्राम सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेत, सर्व्हिस म्हणून लावा. मशीन सुरू झालं की नोडही सुरू होईल. इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती बऱ्याच मार्गदर्शकांत सुटते. नोड बंद करायला सांगितलं की तो मेमरीतला साठा डिस्कवर लिहितो, आणि डीबी-कॅशे मोठा असेल तर त्याला काही मिनिटं लागू शकतात. सिस्टम-डी मात्र ९० सेकंद थांबून सरळ गळा दाबतो. परिणाम वीज गेल्यासारखाच. म्हणून सर्व्हिसच्या फाइलमध्ये टाइमआउट-स्टॉप-सेक ६०० करा. हे नाव मोठ्या-लहान अक्षरांत असतं, ते दस्तऐवजात बघून लिहा. यूपीएसची बॅटरीही तेवढा वेळ टिकणारी हवी.

मशीनचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घेतलं जातंय ना, तेही बघा. घड्याळ फार मागे पडलं तर नोडला खरे ब्लॉकसुद्धा भविष्यातले वाटतात, आणि दोन तासांपेक्षा जास्त पुढचा ब्लॉक तो नाकारतो.

इंटरनेट आणि राउटर

आपल्याकडच्या घरगुती फायबर जोडण्यांत बऱ्याचदा तुम्हाला स्वतःचा आयपी पत्ता मिळतच नाही. एकाच पत्त्यामागे अनेक घरं असतात. राउटरच्या पानावर वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही अशाच रांगेत आहात. मग बाहेरून कुणी तुमच्या नोडला स्वतःहून जोडू शकणार नाही. वाईट वाटून घेऊ नका. तुमचा नोड स्वतःहून बाहेर साधारण आठ जोडण्या करतो आणि तुमच्या तपासणीला तेवढ्या पुरतात. नेटवर्कलाही हातभार लावायचा असेल तर कंपनीकडून स्थिर आयपी घ्या, किंवा आयपीव्ही-६ मिळत असेल तर ते वापरा. पण आयपीव्ही-६ वर राउटरच्या पत्तेबदलीची भिंत नसते. मशीनच्या फायरवॉलमध्ये त्याचे नियम वेगळे बघावे लागतात.

फायरवॉलचा नियम सोपा ठेवा. बाहेरून फक्त ८३३३ उघडा. एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून आत शिरायची सोय) फक्त घरच्या नेटवर्कमधून. बाकी सगळं बंद. ८३३२ बाहेर कधीही उघडायचा नाही, "दोन मिनिटं टेस्ट करतो" म्हणूनसुद्धा नाही. २०१८ मध्ये ८५४५ हा आज्ञांचा पोर्ट उघडा ठेवलेले इथेरियमचे नोड चोर सतत शोधत होते आणि त्यातून लाखो डॉलर गेले. असे शोधणारे प्रोग्राम आजही चोवीस तास फिरतात, आणि त्यांना नोड कोल्हापुरात आहे की कॅलिफोर्नियात, याने काही फरक पडत नाही.

राउटरचा कंपनीने दिलेला पासवर्ड आजच बदला. यूपीएनपी (राउटरचे पोर्ट आपोआप उघडणारी सोय) बंद करा. एसएसएचला पासवर्डने प्रवेश बंद करून चावीने ठेवा, रूटचा प्रवेशही बंद. गावाला गेल्यावर नोड बघायची हौस असेल तर वायरगार्ड हे व्हीपीएन लावा, एसएसएचचा पोर्ट जगाला दाखवू नका. अनलिमिटेड म्हणून घेतलेल्या प्लॅनलाही बहुधा महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. बाहेरून जोडण्या घेणारा नोड नव्या लोकांना जुने ब्लॉक पाठवत बसतो, म्हणून मॅक्स-अपलोड-टार्गेट (पाठवण्यावरची मर्यादा) लावून ठेवा.

पहिलं सिंक आणि चेनची ओळख

नोड सुरू केला की तो २००९ पासूनचे ब्लॉक उतरवून तपासायला लागतो. चांगली एसएसडी आणि फायबर असेल तर दिवसभरात उरकू शकतं, जुन्या मशीनवर काही दिवस लागतात. मध्ये सारखं बंद-चालू करू नका.

सिंक झालं की आपण खरोखर बिटकॉइन कॅशवर आहोत का, हे बघायचं. बिटकॉइन-सीएलआय गेट-ब्लॉकचेन-इन्फो ही आज्ञा दिली की चेन या शब्दापुढे "मेन" दिसतं. नवखा माणूस ते बघून निर्धास्त होतो. पण बिटकॉइनच्या नोडवरही तिथे "मेन"च येतं, त्यामुळे ही खूण कामाची नाही. त्याऐवजी गेट-नेटवर्क-इन्फो द्या आणि सब-व्हर्जनमध्ये बिटकॉइन कॅश नोडचं नाव आणि आवृत्ती आहे का बघा. मग गेट-ब्लॉक-हॅश ४७८५५९ द्या. जो लांबलचक आकडा येईल तो दोन वेगवेगळ्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या बिटकॉइन कॅश एक्सप्लोररवर (चेन दाखवणाऱ्या साइटवर) त्याच क्रमांकाच्या ब्लॉकशी जुळवा. हेच २०१८ आणि २०२० च्या फुटीनंतरच्या एकेका ब्लॉकसाठीही करा. जुळलं तर तुम्ही योग्य फांदीवर आहात. ब्लॉकची उंची (क्रमांक) बिटकॉइनच्या उंचीशी जुळत नाही म्हणून घाबरू नका, बिटकॉइन कॅश थोडं पुढे असतं.

आता गेट-चेन-टिप्स. ही आज्ञा नोडला माहीत असलेल्या सगळ्या टोकांची यादी देते. एकापुढे "ॲक्टिव्ह" असतं, ती तुमची चेन. काहींपुढे "व्हॅलिड-फोर्क" आणि लांबी १ असते. दोन मायनरांना एकाच वेळी ब्लॉक सापडला, एकाचा राहिला, एकाचा गेला, एवढाच त्याचा अर्थ. हे नेहमीचं आहे. पण लांबी ४, ५ किंवा त्याहून जास्त दिसली आणि तो ब्लॉक आजचा असेल, तर हातातलं काम बाजूला ठेवा. "इन्व्हॅलिड" दिसणारी आणि वाढत जाणारी फांदी म्हणजे कुणीतरी वेगळ्या नियमांनी चेन चालवतंय, किंवा तुमचं सॉफ्टवेअर जुनं झालंय. "पार्क्ड" म्हणजे नोडने ती फांदी बाजूला लावून ठेवलीय. बिटकॉइन कॅश नोड दहा ब्लॉकांपेक्षा खोल जाऊन इतिहास बदलणारी चेन आपणहून स्वीकारत नाही, त्याचा हा भाग. अशा वेळी आलेले पैसे पक्के धरू नका, माल देऊ नका, आणि इतरांचे नोड काय दाखवतात ते बघेपर्यंत थांबा.

तुमचे शेजारी कोण आहेत, हे गेट-पीअर-इन्फोमधून दिसतं. सगळ्या जोडण्या एकाच होस्टिंग कंपनीच्या पत्त्यांवर असतील तर ते बरं लक्षण नाही. तुम्हाला वेढून खोटी चेन दाखवायची असेल तर हल्लेखोर हेच करतो. सेटिंगमध्ये कनेक्ट लिहून ठरावीक नोडांनाच बांधून घेऊ नका. ओळखीच्या माणसांचे दोन-तीन नोड ॲड-नोडने जोडा, बाकीचे नोडला स्वतः शोधू द्या.

चाव्या या मशीनवर नकोत

सीड फ्रेज (वॉलेट परत उभं करणारे शब्द), खासगी चाव्या (ज्यांनी नाणी खर्चता येतात), त्यांचे फोटो, टेक्स्ट फाइल, काही म्हणजे काही नोडच्या मशीनवर ठेवू नका. चोर आत शिरला, पुरात मशीन गेलं, एसएसडी मेली, तरी तुमचं एकही नाणं जायला नको. मग नोड परत उभा करणं हे फक्त दोन दिवसांचं काम उरतं. बॅकअप घ्यायचा तो सेटिंगच्या फाइलींचा. चेनचा बॅकअप जगभर पडलेलाच आहे.

वॉलेट वेगळ्या मशीनवर ठेवून नोडला जोडायचं असेल तर मध्ये फुलक्रम नावाचा सर्व्हर लागतो आणि वॉलेट म्हणून इलेक्ट्रॉन कॅश. फुलक्रमला प्रून केलेला नोड चालत नाही आणि डिस्कवर आणखी जागा लागते. पण एवढं केलं की आपलं खातं कुठलं, शिल्लक किती, हे परक्या सर्व्हरला कळत नाही. फुलक्रम आणि नोड एकाच मशीनवर असतील तर नोडचा पासवर्ड फाइलमध्ये लिहायचीही गरज नाही, कुकी फाइलने काम होतं.

फोर्कची मोफत नाणी मिळवून देतो म्हणून सीड मागणारी साइट किंवा ॲप दिसलं, तर ती चोरीच आहे. प्रत्येक फुटीनंतर अशी साइट येते. जुन्या बिटकॉइनवरची फोर्क नाणी काढायचीच असतील, तर आधी मूळ बिटकॉइन नव्या सीडच्या वॉलेटमध्ये हलवा आणि मगच रिकामी झालेली जुनी सीड वापरा.

आणि बोलणं आवरा. कट्ट्यावर सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेत होते. नोडबद्दल खुशाल शिकवा, नाणी किती आहेत हे कुणालाही सांगू नका.

१५ मे

बिटकॉइन कॅशचे नियमबदल ठरलेल्या तारखेला होतात, अलीकडे १५ मेला. मे २०१८ मध्ये ब्लॉकची मर्यादा ८ वरून ३२ एमबी झाली, मे २०२३ मध्ये कॅशटोकन (याच चेनवर वेगळी टोकन काढायची सोय) आले, मे २०२४ पासून ब्लॉकची मर्यादा वापराप्रमाणे आपोआप बदलू लागली. बदल लागू होतो तो मागच्या ११ ब्लॉकांच्या वेळेचा मध्य यूटीसी दुपारी १२ च्या पुढे गेल्यावर. आपल्या घड्याळात ते संध्याकाळी साडेपाच, पण मध्य मागे रेंगाळतो म्हणून प्रत्यक्षात बऱ्याचदा तासभर उशिरा. कोल्हापुरात ती ऐन वळवाची वेळ. तेव्हा "त्या दिवशी करू" असं ठेवूच नका.

ज्या वर्षी बदल असतो त्या वर्षी जुनं सॉफ्टवेअर चालवणारा नोड नवा ब्लॉक चुकीचा म्हणून नाकारतो आणि मागे अडकतो. आणखी वाईट म्हणजे मागे अडकलेल्यांची एखादी छोटी चेन तयार झाली तर तिच्यावर तो आनंदाने चालत राहतो. दिवे लागलेले, पंखा फिरतोय, आणि आकडे खोटे.

मार्चमध्येच नवी आवृत्ती आलीय का बघा. आवृत्तीची टिपणं वाचा, सेटिंगमध्ये काही बदललंय का ते तपासा. फाइल उतरवा, सही आणि हॅश जुळवा. मग नोड नीट बंद करा आणि लॉगमध्ये "शटडाउन डन" आल्याची खात्री करा. जुनी आवृत्ती पुसू नका, शेजारी ठेवा. नवी सुरू करून सब-व्हर्जन बघा. एप्रिल अखेरपर्यंत हे उरकलेलं असावं. १५ मेच्या दिवशी मोठे व्यवहार करू नका. मे २०१९ च्या बदलाच्या वेळी एका दोषाचा कुणीतरी फायदा घेतला आणि काही काळ रिकामे ब्लॉक निघत होते. चेन तगली, पण घाई करणाऱ्यांचे व्यवहार अडकले. दुसऱ्या दिवशी सकाळी परत दोन एक्सप्लोररशी टोकाचा हॅश जुळवा.

रोजची नजर

एक छोटी स्क्रिप्ट दर दहा मिनिटांनी चालवा आणि काही बिनसलं तर टेलिग्रामवर संदेश येऊ द्या. तिने एवढं बघावं: ब्लॉक आणि हेडर (ब्लॉकांचे मथळे) यांचे आकडे सारखे आहेत का, जोडण्या चारपेक्षा कमी झाल्यात का, डिस्क ९० टक्के भरलीय का, गेट-चेन-टिप्समध्ये दोनपेक्षा लांब नवी फांदी आहे का. शेवटचा ब्लॉक केव्हा आला तेही. ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो, पण तासभराची फट दर काही दिवसांनी पडतेच, तेवढ्यावर धावपळ नको. दोन तास झाले की उठून बघा.

उबुंटूच्या सुरक्षा दुरुस्त्या आपोआप बसू द्या, पण नोडचं सॉफ्टवेअर कधीही आपोआप बदलू देऊ नका. ते तपासून हाताने बदलायचं.

कराचं एवढंच: नाणं विकून नफा झाला तर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, तोटा दुसऱ्या कशातून वजा होत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो. केव्हा, कितीला घेतलं याची वही ठेवा आणि सीएला दाखवा.

नोड बंद पडला तर घाबरून सगळं पुसू नका. आधी डिस्कमध्ये जागा आहे का बघा, बऱ्याच वेळा कारण तेच निघतं. मग घड्याळ. मग लॉगच्या शेवटच्या पन्नास ओळी वाचा. डेटाबेस बिघडल्याचं लिहिलं असेल तर रीइंडेक्स-चेनस्टेट लावून सुरू करा. उतरवलेले ब्लॉक तसेच राहतात, फक्त तपासणी परत होते. प्रून केलेल्या नोडवर ही सोय नाही, तिथे पूर्ण रीइंडेक्स म्हणजे सगळं परत उतरवणं. रीइंडेक्सही परत परत अडकत असेल तर रॅम किंवा एसएसडी खराब झालीय असं धरा आणि मेमटेस्ट रात्रभर चालवून बघा.